आधी उजवा पाय, मग क्लच

वाचकाचं पत्र

माझं वय २२. माझ्याकडे १५० सीसीची साधी गाडी आहे, पाच गिअर, मागे डिस्क ब्रेक. तीन महिन्यांपासून व्हीली, म्हणजे पुढचं चाक उचलून नुसत्या मागच्या चाकावर गाडी चालवणं, शिकायचा प्रयत्न करतोय. पहिल्या गिअरमध्ये क्लच मारून उचलतो. पुढचं चाक वीतभर वर येतं आणि लगेच खाली बसतं. दोनदा जास्त उचललं तेव्हा घाबरून रेस एकदम सोडली, तर इतक्या जोरात आदळलं की उजवं मनगट अजून दुखतंय. आता एका फोर्कमधून, म्हणजे पुढच्या शॉकअपमधून, तेल गळायला लागलंय. मित्र म्हणतो, मागच्या ब्रेकवर पायच ठेवायचा नाही, त्याने चाक उचलत नाही, बिनधास्त रेस दे. माझ्या गाडीत ताकद कमी आहे का? मोठी गाडी घेतली तर जमेल का? आणि पहाटे रिकाम्या रस्त्यावर सराव केला तर चालेल ना?

उत्तर

मित्राचा सल्ला आजच्या आज डोक्यातून काढून टाक. वर गेलेलं चाक मोजूनमापून खाली आणायचा भरवशाचा उपाय एकच आहे, तो म्हणजे मागचा ब्रेक. आपटणारं चाक, दुखरं मनगट, गळका फोर्क आणि रेस सोडायला लावणारी ती भीती, हे सगळं पाय ब्रेकवर नसल्यामुळे झालंय. क्लचकडे नंतर येऊ.

त्याआधी दोन कामं उरक, सराव बंद ठेवून. पहिलं मनगट. अंगठा ताणून वर उचलला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला एक खळगा दिसतो. तिथे दाबून बघ. दाबल्यावर कळ आली तर हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन एक्स-रे काढ. तिथलं छोटं हाड मोडलं तर सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये कधीकधी दिसत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी काही दिवसांनी पुन्हा बोलावलं तर टाळू नको. रेस ज्या मनगटाने सांभाळायची ते दुखरं असताना सराव करणं धोक्याचं आहे.

दुसरं काम फोर्क. गळणारं तेल पुढच्या डिस्कवर किंवा पॅडवर उतरलं तर पुढचा ब्रेक लागेनासा होतो, म्हणून फोर्कचं सील, म्हणजे तेल अडवणारं रबर, बदलेपर्यंत गाडी नेहमीच्या वापरालाही काढू नको. तेल लागलेले पॅड पुसून वापरायचे नाहीत, नवे घालायचे. सील दोन्ही बाजूंची एकदम बदल आणि तेल दोन्हीकडे मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच, मापाने भरायला सांग. मेकॅनिकने जुनं सील काढलं की फोर्कच्या चकचकीत नळीवरून नख फिरवून बघ. नख कुठे अडकलं तर तिथे टोचा आहे, आणि तो नीट घासून काढला नाही तर नवं सीलही फाटणार. त्याच वेळी कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचा संच, तोही तपास. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी कर, फोर्कचे खालचे पाय धरून पुढेमागे ओढ. टक् असा आवाज आला तर कोनसेट ढिला आहे. हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे नेताना मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकलं तर बेअरिंगच्या वाट्यांना खड्डे पडलेत आणि सेट बदलावा लागेल. एवढ्या आपटण्यानंतर हे होऊ शकतं. पुढच्या रिमला बाक आलाय का, तेही चाक फिरवून बघ.

आता ब्रेक. चाक हवेत असताना मागचा ब्रेक दाबला की मागचं टायर जमिनीशी अडतं, पण तुझं आणि गाडीचं वरचं वजन पुढेच जाऊ बघतं. पळताना पाय अडखळला की माणूस तोंडावर पडतो, तसं गाडीचं नाक खाली येतं. रेस सोडूनही चाक खाली येतं, पण घाबरलेला हात रेस पूर्णच बंद करतो आणि दीडशे-दोनशे किलोचा सगळा भार निराधार होऊन फोर्कवर कोसळतो. ब्रेकचं तसं नाही. जेवढा दाबशील तेवढंच नाक झुकेल. शिवाय गाडी तोलाच्या पलीकडे, पाठीमागे झुकायला लागली की रेस सोडून किंवा क्लच ओढून फारसं काही होत नाही, कारण तेव्हा तिला खेचणारं इंजिन नसतं, तिचं स्वतःचं वजन असतं. तिथून तिला परत आणतो तो फक्त ब्रेक.

म्हणून पेडल पायाच्या सोयीने बसवून घे. तळपायाचा मधला भाग फूटरेस्टवर आणि बुटाचं टोक पेडलच्या वर जेमतेम बोटाच्या जाडीएवढं, अशी जागा हवी. ब्रेक दाबायला पाय उचलावा लागत असेल तर पेडल फार उंच आहे. घोटा आखडून खाली शोधावं लागत असेल तर फार खाली आहे. जाड बुटात पेडलचा अंदाज वेगळा लागतो, तेव्हा ज्या बुटांत व्हीली करणार त्याच बुटांत सराव कर.

इथेच एबीएसचं, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, बघून घे. पुढचं चाक हवेत गेलं की त्याचा वेग उतरत जातो आणि मागचं जोरात फिरत असतं. दोन्ही चाकांना एबीएस असलेल्या काही गाड्यांत ही तफावत बघून यंत्रणा गोंधळते आणि नेमका हवा तेव्हाच मागच्या ब्रेकचा दाब सोडून देते. पायाखाली पेडल मऊ पडतं आणि गाडी मागे जात राहते. ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक जागीच गरगरू न देणारी यंत्रणा) असेल तर तो उलट, मध्येच इंजिनचा जोर तोडून चाक आपटवतो. पेडल दाबलं की पुढचा ब्रेकही सोबत लागणारी जोड-ब्रेकची गाडी तर या कामाला घ्यायचीच नाही. तुझ्या गाडीत यातलं काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघ. या यंत्रणा नेहमीच्या वापरात जीव वाचवतात, त्यामुळे सरावापुरत्या बंद केल्यास तर मैदान सोडण्याआधी पुन्हा चालू कर.

आता तुझा मुख्य प्रश्न. चाक वीतभर येऊन का पडतं? गाडीत ताकद कमी आहे का?

थोडं गणित करू. तुझ्या आकाराची गाडी आणि वर बसलेला माणूस धरला तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य मागच्या चाकाच्या टेकण्याच्या जागेपासून साधारण ७० सेंटिमीटर पुढे आणि जमिनीपासून ६५ सेंटिमीटर वर येतो. पुढचं चाक निव्वळ इंजिनच्या जोरावर सुटायला गाडीने जवळपास गुरुत्वाकर्षणाएवढा, म्हणजे १ जीच्या आसपास वेग पकडायला हवा. १५० सीसीचं इंजिन पहिल्या गिअरमध्ये, स्वारासकट, ०.६ जीच्या आसपास देतं. म्हणजे नुसती मूठ पिळून तुझं चाक उचलणार नाही हे बरोबर. ती कमतरता क्लच भरून काढतो. मोकळं सोडलेलं इंजिन जोरात फिरतं, त्या फिरण्यातली साठलेली ऊर्जा क्लच सुटताच एका झटक्यात मागच्या चाकाला मिळते.

पण चाक वर जातं तसतसा गुरुत्वमध्य वर आणि मागे सरकतो आणि लागणारा जोर झपाट्याने घटतो. वीतभर उचललेलं चाक म्हणजे सुमारे १० अंश. तिथे टिकून राहायला अजूनही ०.८ जी लागतो. तुझं इंजिन देतंय ०.६. क्लचचा झटका संपला की ते पडणारच. २० अंशांवर, म्हणजे चाक गुडघ्याच्या उंचीला आलं की, लागणारा जोर आणि इंजिनचा जोर बरोबरीला येतात. ३० अंशांवर ०.४५ जी पुरतो आणि ४५ अंशांवर तर ०.२५ जीसुद्धा लागत नाही. थोडक्यात, भरपूर रेस दिलेली असताना तुझी गाडी गुडघ्याच्या खाली पडायला बघते आणि गुडघ्याच्या वर चढायला बघते. तुझी दोनदा घाबरगुंडी उडाली ती इथेच. चाक गुडघ्याच्या वर गेलं, रेस तेवढीच राहिली आणि गाडी आपोआप चढत सुटली. तेव्हा ताकद पुरेशी आहे. चाक गुडघ्यापर्यंत न्यायचं काम क्लचचं. तिथून पुढे उजव्या हाताने रेस कमी करत जायचं आणि पाय ब्रेकवर तयार ठेवायचा.

याच गणिताचा दुसरा भाग असा, की ०.६ जी म्हणजे दर सेकंदाला वेग ताशी २० किलोमीटरहून जास्त वाढतो. १२ च्या वेगात उचललंस तर सव्वा-दीड सेकंदात पहिला गिअर संपतो. कमी उंचीवरची व्हीली लांबवता येत नाही ती यामुळे. ती लांबते फक्त तोलाच्या जागी, जिथे गुरुत्वमध्य बरोबर मागच्या चाकाच्या वर येतो आणि इंजिनने ढकलत राहायची गरज उरत नाही. ही जागा बहुतेक गाड्यांत ५० ते ६५ अंशांच्या मध्ये असते. जपानच्या यासुयुकी कुदो यांनी ५ मे १९९१ रोजी सलग ३३१ किलोमीटर व्हीली केली ती होंडाच्या टीएलएम२२०आर या हलक्या ट्रायल्स गाडीवर. तिचं इंजिन काही राक्षसी नाही. तोल सापडलेल्या गाडीला ताकद लागत नाही.

म्हणूनच मोठी गाडी घेऊ नको. हजार सीसीच्या स्पोर्ट्स गाडीचा पहिला गिअरच ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो. चाक नुसत्या मुठीने उठतं, इतक्या लवकर की पाय ब्रेकवर पोचायच्या आत तोल निघून जातो, आणि पडायचं ते त्या वेगात. शिकायला चांगली गाडी म्हणजे ११० ते २०० सीसीची हलकी मातीतली गाडी: हँडल रुंद, बसणं सरळ, सस्पेन्शन लांब, पडली तरी मोडण्यासारखं थोडं. अशी गाडी काही दिवस मिळत असेल तर जरूर घे. नसेल तर तुझ्याच गाडीवर जमेल.

गाडीत काही बदल करून घे. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, एका दाताने लहान कर. १५ चा १४ केलास की मागच्या चाकाला सुमारे ७ टक्के जास्त ओढ मिळते, मागे ४५ च्या जागी ४८ दातांचं घातल्याएवढी, आणि चेनही वाढवावी लागत नाही. काही गाड्यांत वेगाचा काटा गिअरबॉक्सवरून चालतो, तो मग खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवेल. चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे ठेव, साधारण दोन-तीन सेंटिमीटर. सैल चेन क्लच सुटताना आधी झटका खाते आणि मग ओढते, त्यामुळे चाक कधी उठतं कधी नाही आणि तुला वाटतं हातच चुकतोय. क्लच केबल आणि रेसची केबल या दोन्हींचाही फालतू ढिलेपणा काढून टाक, पण क्लच इतका ताणू नको की तो कायम अर्धवट दाबलेला राहील.

मागच्या टायरची हवा मैदानावर २२ ते २४ पीएसआयपर्यंत उतरवलीस तर टायर पसरून बसतं आणि गाडी डावी-उजवीकडे कमी डुलते. ट्यूबचं टायर असेल तर २० च्या खाली जाऊ नको. क्लचच्या झटक्याने टायर रिमवर सरकतं, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. पुढच्या टायरची हवा नेहमीएवढीच ठेव, नाहीतर उतरताना रिम ठोकला जाईल.

इंजिन ऑइल वरच्या खुणेला हवं, मधे-खाली चालणार नाही. गाडी मागे कलली की तेल मागच्या बाजूला जमतं. पातळी कमी असेल तर पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि त्याचा पहिला फटका सिलिंडरच्या डोक्यावरच्या कॅमशाफ्टला बसतो. क्लचप्लेट तेलातच बुडालेल्या असतात, त्यांचा चुरा त्याच तेलात मिसळतो, म्हणून सरावाच्या काळात तेल ठरल्यापेक्षा लवकर बदल. पेट्रोल अर्धी टाकी पुरे. भरलेली टाकी वजन वाढवते आणि झाकणातून ठिबकते, तर अगदी तळाला आलेलं पेट्रोल गाडी कलल्यावर तोंडापासून सरकून इंजिन मध्येच बंद पडू शकतं.

आणि मागचा कॅरिअर, पिलियनची पकडायची दांडी, साडीगार्ड, सगळं काढून टाक. गाडी उलटायला लागली की तुला मागून उतरायचंय, तेव्हा पाय किंवा पँट तिथे अडकली तर गाडीसोबत खाली जाशील. मनगटाला दोरीने बांधायचा किल स्विच बसवून घे. हात सुटला की इंजिन बंद.

अंगावर पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, पाठीचं आणि कोपर-गुडघ्यांचं संरक्षण, तळव्याला जाड कातडं असलेले हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट. मागे पडणारा माणूस हात टेकतो किंवा माकडहाडावर बसतो, म्हणून हातमोजे आणि कमरेखाली पॅड असलेली आतली चड्डी यांत काटकसर करू नको.

पहाटेच्या रिकाम्या रस्त्याबद्दल स्पष्ट सांगतो: नाही. व्हीलीत तुझ्याकडे पुढचा ब्रेक नसतो, हँडलने वळणं नसतं आणि समोरची जमीन चाकाने आणि टाकीने झाकलेली असते. रिकाम्या रस्त्यावर एक कुत्रं, एक फिरायला निघालेले आजोबा, एक आडव्या गल्लीतून आलेली सायकल, एवढं पुरतं. तू स्वतःच्या जिवाचं ठरवू शकतोस, त्यांच्या नाही. मालकाची परवानगी असलेली बंद जागा शोध: मैदान, वापरात नसलेली धावपट्टी, ट्रॅक. किमान दीडशे-दोनशे मीटर सरळ, दोन्ही बाजूंना खांब, कठडा, गटार नसलेली. घट्ट बसलेली कोरडी माती किंवा आखूड गवत उत्तम. ओलं गवत नको, मागचं चाक बाजूला सरकतं. हलका चढ असेल तर फारच छान. चढावर चाक लवकर उठतं, गाडीचा वेग आपोआप कमी राहतो. एकट्याने जाऊ नको. सोबत्याकडे फोन आणि प्रथमोपचाराची पेटी असू दे, आणि त्याला बाजूला उभा कर, समोर किंवा मागे नको.

आता सराव. पहिल्या दिवशी चाक उचलायचंच नाही. पहिल्या गिअरमध्ये १५ च्या वेगाने चाल, रेस हलकी चालू ठेव आणि ती न सोडता मागचा ब्रेक टोकाने दाब. गाडी किंचित नाक झुकवेल, इंजिन गुरगुरेल. सोड, पुन्हा दाब. चाक लॉक न होता, इंजिन बंद न पडता हे तीस-चाळीस वेळा जमलं पाहिजे. आजवर तुझ्या सवयीत रेस आणि ब्रेक एकाआड एक येत होते. इथे दोन्ही एकाच वेळी लागतात, आणि ही सवय पायाला लावण्यातच अर्धं शिक्षण आहे.

त्याच दिवशी मागे उतरायची सवय कर. इंजिन बंद, दोन सोबत्यांनी गाडी दोन्ही बाजूंनी सरळ धरलेली. दोन्ही पाय फूटरेस्टवरून एकदम सोडून मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर उभा राहा आणि हँडल सोड. दहा वेळा. गाडी खरोखर उलटली तर हेच करायचं: ब्रेक, आणि तरीही मागे जात असेल तर हँडल सोडून पायांवर उतरायचं. हँडल धरून लटकलास तर गाडी तुझ्यावर येते. पहिल्या गिअरच्या वेगात सोडून दोन पावलं पळता येतं, म्हणून शिकताना वेग २० च्या आसपासच ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी क्लच. १० ते १२ च्या वेगात, इंजिन धक्के न देता चालत असेल अशा बेताने ये. सीटवर चार बोटं मागे सरकून बस. कोपर थोडी वाकलेली, खांदे सैल, टाकी गुडघ्यांनी धरलेली, उजवा पाय पेडलवर. नजर चाकावर नाही, मैदानाच्या टोकाला.

उजवी मूठ कशी धरतोस ते नीट बघ. बहुतेक जण मनगट खाली पाडून मूठ धरतात. चाक उठलं की अंग मागे जातं, हात ताणला जातो, मनगट आणखी खाली ओढलं जातं आणि मूठ आपोआप आणखी पिळली जाते. रेस वाढते, अंग आणखी मागे जातं. माणसं उलटतात ती बहुतेक या साखळीत, आणि त्यांना वाटतं गाडीनेच दगा दिला. मूठ पुढून पकड, दाराचा गोल मूठदांडा धरतात तशी जराशी तिरकी, कोपर किंचित बाहेर. मग हात ताणला तरी मूठ फिरत नाही. हँडल ओढून चाक उचलायचा प्रयत्नही करू नको. हँडल हे धरायला आहे, लोंबकळायला नाही.

डाव्या हाताची दोनच बोटं क्लचवर. रेस थोडी वाढव. गाडी ओढू लागली की क्लच जेमतेम एवढा ओढ की इंजिन सुटं होऊन आवाज चढेल, पूर्ण दाबायची गरज नाही. काटा ४००० आरपीएमला पोचला की लिव्हर बोटांतून निसटू दे. ओढणं ते सुटणं, सगळं अर्ध्या सेकंदात. बोटं लिव्हरवरून उचलायची नाहीत. पहिल्या खेपेला चाक बहुधा उठणार नाही, नुसता धक्का बसेल. पाच-सहा वेळा कर, मग ४५००, मग ५०००. हजारा-दोन हजारांच्या उड्या नकोत. ज्या आरपीएमला चाक जमीन सोडतं तो आकडा लक्षात ठेव. त्याच्याही आधी उठवायचं असेल तर क्लच ओढताना अंगाने फोर्क खाली दाब, आणि फोर्क वर उसळत असताना क्लच सोड. छोट्या गाडीला ही उसळी फार कामी येते.

चाक उठलं की त्याच क्षणी ब्रेक. उंचीचा विचारच नको, अंतराचा तर मुळीच नको. उचल, ब्रेक, खाली. रेस किंचित चालू ठेवून खाली आण, म्हणजे मागचं चाक ओढत राहतं आणि पुढचं हलकं टेकतं. उतरताना पुढच्या ब्रेकला बोट लावू नको. थांबलेलं चाक जमिनीला लागलं की हँडल हातातून हिसकतं. चाक सरळ ठेवूनच उतर. असं पन्नास वेळा झालं, आणि एकदाही चाक आपटलं नाही, की चाक गुडघ्यापर्यंत नेऊ लाग. तिथून पुढे रेस हळूहळू कमी करत जाणं आणि ब्रेकने थोडंसं नाक झुकवून पुन्हा रेसने उचलणं, हा खेळ सुरू होतो. तोलाची जागा जवळ आली की कळतं: इंजिनचा आवाज चढायचा थांबतो, हातांवरचा ओढा नाहीसा होतो आणि सीटवर पाठ टेकल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा तिथे पोचल्यावर थांबायचा मोह होईल. थांबू नको. ब्रेक लावून खाली ये, वीस वेळा नुसतं तिथे जाऊन परत ये.

एका खेपेला २०-२५ मिनिटं पुरे. डावा हात भरून आला की क्लच उशिरा सुटतो आणि चुका सुरू होतात. जळका वास आला तर क्लच पूर्ण सोडून पाच-दहा मिनिटं गाडी थंड होऊ दे. थंड झाल्यावरही रेस दिली की आवाज चढतो पण वेग वाढत नाही, असं झालं तर प्लेट गेल्या.

बाजूला जाण्याबद्दल. चाक वर असताना गाडी सतत एकाच बाजूला, बहुधा डावीकडे जात असेल तर आधी स्वतःला तपास: क्लचच्या हाताने नकळत हँडल ओढतोस का, कंबर सीटच्या मधोमध आहे का. मग मागचं चाक चेनच्या दोन्ही खुणांना सारखं बसलंय का ते बघ. थोडंसं डुलणं गुडघ्यांनी सावरता येतं: डावीकडे झुकली तर उजवा गुडघा टाकीपासून बाहेर काढ, उजव्या फूटरेस्टवर वजन दे. नाही सावरलं तर झगडू नको, ब्रेक लाव.

उतरल्यावर एखाद वेळी निळसर धूर दिसला तर घाबरू नको. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, थोडं तेल एअर फिल्टरच्या डब्यात गेलेलं असतं. वारंवार व्हायला लागलं तर डबा उघडून पूस आणि तेल वरच्या खुणेच्याही वर गेलंय का बघ. इंजिनमधून टिकटिक ऐकू आली मात्र तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपव आणि तेलाची पातळी तपास. रोज घरी नेण्याआधी मागची हवा भर, फोर्कच्या नळ्यांवर तेलाची रेघ आलीय का बघ, पुढच्या ॲक्सलचा आणि स्प्रॉकेटचा नट हाताने नाही तर पाना लावून तपास.

दुसऱ्या गिअरला कधी जायचं, हे तू विचारलं नाहीस, पण विचारशील. पहिल्या गिअरमध्ये लागोपाठ वीस वेळा चाक तोलाच्या जवळ नेऊन, दर वेळी ब्रेकने, आवाज न करता खाली टेकवता आलं आणि सोबत्याने मध्येच ओरडून ‘खाली’ म्हटल्यावर हाताआधी पाय हलला, तेव्हा जा. ओरडल्यावर आधी रेसच सुटत असेल, तर पुन्हा पहिल्या दिवसाच्या त्या तीस-चाळीस ब्रेकपासून.